नागार्जुन: नावाचा अर्थ, उगम आणि बारशाआधी विचारले जाणारे प्रश्न

नागार्जुन या नावाचा अर्थ काय?

नाव दोन शब्दांचं आहे, नाग आणि अर्जुन. अ आणि अ मिळून आ होतो, म्हणून मधला 'गा' दीर्घ. फोड एवढी सोपी असली तरी अर्थ मात्र नुसत्या फोडीतून निघत नाही. बाळांच्या नावांच्या यादीत 'श्रेष्ठ सर्प', 'सापांना जिंकणारा' किंवा 'शुभ्र नाग' असे अर्थ छापलेले असतात. ते शब्दकोशातले दोन अर्थ शेजारी ठेवून जुळवलेले आहेत. हे नाव ज्या आचार्यामुळे जगाला माहीत झालं, त्याच्या चरित्रांत नावाची कारणं वेगळीच दिली आहेत.

इ.स. ४००च्या सुमारास बौद्ध भाषांतरकार कुमारजीवाने चिनी भाषेत आणलेल्या चरित्रानुसार आईने या मुलाला अर्जुनवृक्षाखाली जन्म दिला, म्हणून तो अर्जुन. पुढे एका महानागाने त्याला आपल्या प्रासादात नेऊन गहन सूत्रं दाखवली आणि त्याचं ज्ञान पूर्ण झालं, म्हणून आधी नाग लागलं. चिनी भाषेत त्याला 'लुंगशू' म्हणतात, त्यात पहिला शब्द नागाचा आणि दुसरा झाडाचा. तीच अक्षरं जपानीत 'र्‍यूजू' अशी वाचली जातात. तिबेटी लोकांनी झाड सोडून दिलं आणि 'नागांच्या साहाय्याने सिद्धी मिळवलेला' अशा अर्थाचं 'लुदूप' हे नाव केलं. म्हणजे नाग कायम राहिला, अर्जुनाचा अर्थ देशागणिक बदलला. कुणी विचारलं तर 'अर्जुनवृक्षाखाली जन्मलेला आणि नागांकडून ज्ञान मिळालेला' हे उत्तर परंपरेला धरून आहे.

'नाग' म्हणजे सापच ना? घरातल्या मोठ्यांना ते पटत नाही.

साप हा एक अर्थ झाला. संस्कृतात नाग म्हणजे हत्तीही. पालीत तर तो थोरवीचा शब्द आहे. बुद्धाला आणि अर्हतांना (निर्वाण गाठलेल्या भिक्षूंना) 'नाग' म्हटलं जातं आणि त्याची व्युत्पत्ती 'आगुं न करोति', म्हणजे जो पाप करत नाही तो, अशी दिली जाते. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही फोड टिकणारी नाही, पण त्या शब्दाकडे बघण्याची दृष्टी तीतून कळते. रसशास्त्रात नाग म्हणजे शिसं. वैद्यांचं नागभस्म ते हेच. शिवाय नाग हे एका प्राचीन लोकसमूहाचं नाव म्हणूनही घेतलं जातं, आणि नागपूरकरांना हा अर्थ सगळ्यात जवळचा आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

तसं पाहिलं तर ज्या शहराच्या, नदीच्या नावात नाग आहे आणि जिथे नागोराव, नागोबा, नागेश ही नावं पिढ्यान्पिढ्या चालत आली, तिथे या नावावर सापाचा आक्षेप घेण्यात फारसा दम नाही.

यातला अर्जुन म्हणजे महाभारतातला अर्जुन का?

नाही. मूळ शब्द एकच आहे एवढंच. अर्जुन म्हणजे शुभ्र, चकचकीत. ऋग्वेदात 'अहश्च कृष्णमहरर्जुनं च' असं येतं, एक दिवस काळा आणि एक उजळ. पांडवाचं नाव त्यावरूनच, आणि झाडाचंही. अर्जुनसादड्याची साल गुळगुळीत, करडी-पांढरी असते, ओढ्याकाठच्या इतर झाडांत ती लांबून ओळखू येते.

महाभारतातल्या अर्जुनाचा नागांशी संबंध येतो तो दोन प्रकारे. खांडववन जाळताना तो नागांचा वैरी ठरतो आणि उलूपी या नागकन्येशी त्याचा विवाह होतो, त्यांचा मुलगा इरावान. उलूपीच्या कथेवरून 'नागार्जुन' नाव पडलं असं काही ठिकाणी वाचायला मिळतं. त्याला आधार नाही.

हे नाव नेमकं कुणाचं?

मुख्यतः बौद्ध आचार्य नागार्जुनाचं. काळ साधारण इ.स.च्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला. महायान बौद्ध परंपरेतल्या, शून्यता शिकवणाऱ्या माध्यमिक संप्रदायाचा तो प्रवर्तक. 'मूलमध्यमककारिका' हा त्याचा मुख्य ग्रंथ २७ प्रकरणांचा आहे. 'विग्रहव्यावर्तनी', 'रत्नावली' आणि सातवाहन राजाला उद्देशून लिहिलेलं मानलं जाणारं 'सुहृल्लेख' हेही त्याच्याच नावावर आहेत. आर्यदेव हा त्याचा शिष्य. चीन, तिबेट, जपान इथल्या महायान परंपरांत बुद्धानंतर सर्वाधिक आदराने घेतल्या जाणाऱ्या नावांत हे नाव येतं.

पण या नावाची माणसं पुष्कळ झाली, आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

म्हणजे नागार्जुन एकापेक्षा जास्त आहेत?

निदान चार-पाच. रसायन आणि धातुवादाच्या (हलक्या धातूचं सोनं करण्याच्या विद्येच्या) ग्रंथांचा कर्ता नागार्जुन हा माध्यमिक आचार्यानंतर काही शतकांनी झाला. अल्बेरुनीने, म्हणजे अकराव्या शतकात, सोमनाथजवळच्या दैहक इथला रसायनविद नागार्जुन आपल्या आधी सुमारे शंभर वर्षं होऊन गेला असं लिहिलं आहे. तांत्रिक बौद्ध परंपरेतल्या चौऱ्याऐंशी सिद्धपुरुषांमध्ये एक नागार्जुन आहे. सुश्रुतसंहितेचं प्रतिसंस्करण करणारा, म्हणजे ती सुधारून नव्याने मांडणारा, म्हणून टीकाकार डल्हणाने सांगितलेला एक आहे. जैन परंपरेत आचार्य नागार्जुन आहेत, वलभीतली आगमवाचना, म्हणजे जैन धर्मग्रंथांचा पाठ ठरवणारी सभा, त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. प्राकृतात हेच नाव 'नागज्जुण' असं येतं.

तिबेटी चरित्रकारांनी यातल्या बहुतेकांना एकच मानून त्याला सहाशे वर्षांचं आयुष्य दिलं. त्यामुळे 'नागार्जुनाने शिशाचं सोनं केलं आणि शून्यवादही मांडला' अशी वाक्यं वाचायला मिळतात. मुलाला नावाची गोष्ट सांगताना हे दोघं वेगळे ठेवावेत.

आधुनिक काळात हिंदी आणि मैथिली कवी नागार्जुन (१९११–१९९८) सर्वांना माहीत आहेत. त्यांचं मूळ नाव वैद्यनाथ मिश्र. १९३६ साली श्रीलंकेत बौद्ध दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी हे नाव स्वीकारलं. तेलुगू नट अक्किनेनी नागार्जुन यांच्यामुळे हे नाव आपल्याकडे अनेकांना दाक्षिणात्य वाटतं. आंध्र-तेलंगणात ते खरोखरच सररास ठेवतात.

आचार्य नागार्जुन विदर्भातला होता, हे खरं का?

परंपरा तसं म्हणते, पुरावा तेवढा पक्का नाही. दोन्ही गोष्टी एका दमात सांगाव्यात.

चौदाव्या शतकातला तिबेटी इतिहासकार बुतोन त्याचा जन्म विदर्भातल्या एका ब्राह्मण घरात झाल्याचं सांगतो. कुमारजीवाच्या चरित्रात नुसतं 'दक्षिण भारत' आहे. सातव्या शतकातला युआन श्वांग, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातला ह्यू एन त्संग, त्याचा संबंध कोसल देशाशी आणि सातवाहन राजाशी जोडतो. हा कोसल म्हणजे दक्षिण कोसल, आजचा छत्तीसगड आणि त्याच्या आसपासचा मुलूख. त्याची हद्द विदर्भाला कुठे भिडत होती यावर अभ्यासकांत वाद आहे. लंकावतारसूत्र या महायान ग्रंथात 'दक्षिणापथवेदल्यां', म्हणजे दक्षिणेतल्या वेदलीत, असं स्थळ देऊन 'नागाह्वय' नावाच्या भिक्षूचं भाकीत येतं. त्यातली वेदली म्हणजे विदर्भ असं काहींचं मत आहे, पण तिथे नाव नागाह्वय आहे, नागार्जुन नाही.

त्यामुळे 'विदर्भाचा सुपुत्र' असं फलकावर लिहायला हरकत नसली तरी शाळेच्या निबंधात 'तिबेटी परंपरेनुसार विदर्भात जन्म' असं लिहावं.

आंध्रातलं नागार्जुनकोंडा हेही त्याचं जन्मस्थान किंवा कर्मभूमी म्हणून सांगितलं जातं. इक्ष्वाकू राजांच्या काळात त्या जागेचं नाव विजयपुरी होतं, नागार्जुनाचं नाव तिला नंतर मिळालं. नागार्जुनसागर धरणाचा पाया १९५५ साली घातला गेला आणि ते खोरं पाण्याखाली गेलं. अवशेष हलवून बेटावर मांडले आहेत.

रामटेक, मनसर, नगरधन यांचा या नावाशी काय संबंध?

रामटेकजवळ नागार्जुन टेकडी म्हणून जागा आहे आणि आचार्य तिथल्या गुहेत राहिला अशी लोकश्रुती आहे. नागपुरातून जबलपूर रस्त्याने मनसरला जाऊन उजवीकडे वळलं की रामटेक.

मनसरला १९९८ नंतर सुमारे दहा वर्षं मोठं उत्खनन झालं. ते बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेने चालवलं, त्यामुळे या जागेशी नागार्जुनाचं नाव घट्ट चिकटलं. उत्खनन करणाऱ्यांनी तिथे बौद्ध अवशेष असल्याचं मांडलं. दुसरीकडे वाकाटकांचे अभ्यासक मनसरच्याच हिडिंबा टेकडीवरच्या विटांच्या भव्य बांधकामाला दुसऱ्या प्रवरसेनाने, म्हणजे पाचव्या शतकात, उभारलेलं शिवमंदिर मानतात. आचार्याचा काळ त्याच्या दोन-तीनशे वर्षं आधीचा आहे. जागा बघण्यासारखी आहेच. मुलाला दाखवायला नेलं तर हा काळाचा फरक तेवढा सांगावा.

नगरधनाचा मात्र काही संबंध नाही. ते वाकाटकांच्या नंदिवर्धनाचं बदललेलं रूप. कानाला 'नागार्जुन'सारखं वाटतं म्हणून जोडलं जातं, एवढंच.

नागपुरात हे नाव कुठून रुजलं?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडलं याचा खुलासा केला. बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, त्यांची वस्ती या भागात होती आणि नाग नदी त्यांच्याच नावाची, असा त्यांचा मुद्दा होता. त्यानंतर देवादिकांची किंवा दगडू-धोंडूसारखी नावं मागे पडून राहुल, आनंद, सिद्धार्थ, मिलिंद, नागसेन, तथागत ही नावं घराघरांत आली. नागार्जुन त्याच लाटेतलं, पण कमी ठेवलं गेलेलं. याचं कारण बहुधा अगदी व्यावहारिक असावं: उच्चारायला जड आणि लिहायला जोडाक्षराचं.

दुसरा धागा जपानमार्गे येतो. जपानमध्ये जन्मलेले आणि १९६०च्या दशकात भारतात आलेले भदंत सुरेई ससाई यांच्या नावातच 'आर्य नागार्जुन' आहे. राजगीरला असताना नागार्जुनाने दर्शन देऊन 'दक्षिणेतल्या नागप्रासादाकडे जा' असं सांगितलं, आणि नागांचा प्रासाद म्हणजे नागांचं पूर, नागपूर, असा अर्थ लावून आपण इथे आलो, असं ते स्वतः सांगत आले आहेत. कामठी रोडवरच्या नागलोक परिसरातली नागार्जुन प्रशिक्षण संस्थाही याच आचार्याच्या नावाची. म्हणून उत्तर नागपुरात हे नाव सांगितलं तर 'कुठलं नाव?' असं सहसा कुणी विचारत नाही. धरमपेठेत किंवा पुण्यात विचारतील.

नागसेन आणि नागार्जुन एकच का?

नाही, आणि ही चूक फार होते. नागसेन हा मिलिंद राजाला, म्हणजे ग्रीक मिनँडरला, उत्तरं देणारा भिक्षू. तो इसवी सनाच्या आधीचा. नागार्जुन त्याच्यानंतर तीनेकशे वर्षांनी. 'मिलिंद आणि नागार्जुन' अशी भावांची जोडी ठेवायची असेल तर खुशाल ठेवा, पण ती संवादातली जोडी नव्हे.

नागार्जुनाने शून्याचा शोध लावला ना?

गणितातल्या शून्याशी त्याचा संबंध नाही. त्याची 'शून्यता' म्हणजे काहीच नसणं असाही अर्थ नव्हे. 'यः प्रतीत्यसमुत्पादः शून्यतां तां प्रचक्ष्महे' असं त्याने चोविसाव्या प्रकरणात स्वच्छ म्हटलं आहे: जे कारणांवर अवलंबून उत्पन्न होतं, त्यालाच आम्ही शून्य म्हणतो. म्हणजे कुठल्याही वस्तूला स्वतःच्या बळावर उभं असलेलं, सुटं स्वरूप नसतं.

दहा वर्षांच्या मुलाला हे समजावायचं तर काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत न्यावं. खाली खुंट जंबेरीचा, त्यावर डोळा भरलेला संत्र्याचा, पाणी विहिरीचं, ताण दिला तर बहार, माणसाने लक्ष दिलं तर फळ. यातलं एक काढलं तर 'संत्र्याचं झाड' म्हणून वेगळं काय उरतं, असा प्रश्न नागार्जुन विचारतो. झाड नाहीच, असं तो म्हणत नाही. त्याच्या विरोधकांनी त्याच्यावर तोच आरोप केला आणि त्याने त्याच प्रकरणात त्याला उत्तर दिलं.

देवनागरीत बरोबर कसं लिहायचं?

नागार्जुन. ना दीर्घ, गा दीर्घ, रफार 'जु'वर, जु र्‍हस्व, शेवटी न.

चुका चार प्रकारच्या दिसतात. 'नागर्जुन' मध्ये संधीचा काना गळतो. 'नागाअर्जुन' मध्ये संधीच होत नाही. 'नागार्जून' ही सुशिक्षितांची चूक: फूल, मूल यांसारखा उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षराचा) उकार दीर्घ करण्याचा नियम मराठी शब्दांना आहे, तत्सम शब्दांना नाही, त्यामुळे अर्जुन, फाल्गुन, नागार्जुन यांचा उकार संस्कृतातल्यासारखा र्‍हस्वच राहतो. चौथी सगळ्यात त्रासदायक, 'नागाजुर्न'. ही माणसाची कमी आणि फाँटची जास्त. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना रफार एक अक्षर पुढे सरकतो आणि जु वरून न वर जाऊन बसतो. लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, मतदारयादी, सगळीकडे हे होतं.

टाइप करताना क्रम असा: र, मग हलन्त, मग ज, मग उकार. आधी ज लिहून वर रफार चढवायला गेलं की बिघडतं. कार्यालयात अर्ज देताना नाव हाताने मोठ्या अक्षरांत लिहून 'रफार जु वर' असं तोंडानेही सांगावं. बोलण्यात संकोच करू नये, पुढचे दहा कागद वाचतात.

उच्चार कसा करायचा?

ना-गार्-जुन. ज 'जग'मधला, 'जुना'मधला नव्हे. मराठीत ज दोन तऱ्हांनी बोलला जातो, पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दात तो तालव्य असतो. 'अर्जुन' जसा म्हणता तसाच. घाईत 'नागरजून' होतं, तेव्हा गा वर थोडं थांबावं.

'नागार्जुनने' की 'नागार्जुनाने'?

आचार्याबद्दल लिहिताना नागार्जुनाने, नागार्जुनाचा. घरातल्या मुलाबद्दल नागार्जुनने, नागार्जुनला. आजच्या मराठीत हयात माणसांच्या नावाचं सामान्यरूप बहुधा करत नाहीत. दोन्ही रूढ आहेत, एका मजकुरात एकाच माणसासाठी मिसळू नका.

इंग्रजी स्पेलिंग कोणतं घ्यावं?

पर्याय मुळात दोन. एन-ए-जी-ए-आर-जे-यू-एन, आठ अक्षरं. किंवा शेवटी आणखी एक ए, नऊ अक्षरं. इंग्रजी पुस्तकांत आणि तेलुगूत ए असलेलं रूप चालतं. महाराष्ट्रातल्या मुलासाठी आठ अक्षरांचं बरं, कारण शेवटचा ए आपल्याकडे 'नागार्जुना' असा वाचला जातो आणि परदेशात तो मुलीच्या नावासारखा वाटतो. सुरुवातीला डबल ए लावून काना दाखवायचा मोह टाळावा. अंकशास्त्रासाठी लावायचा असेल तर पहिल्या कागदापासून लावा, नंतर नको.

कोणतंही निवडा, पण जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्ही ठिकाणी अक्षर न् अक्षर तेच हवं. आधारमधलं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे लक्षात असू द्या. ती संधी एका ए साठी घालवू नये.

जन्मदाखल्यावर नाव कधी आणि कसं घालायचं?

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिथूनच कळवलं जातं. नोंद करताना बाळाचं नाव असलंच पाहिजे असं नाही. नाव ठरत नसेल तर रकाना रिकामा ठेवा, घाईने 'बाळू' किंवा 'राजा' लिहू नका. रिकाम्या रकान्यात नाव भरणं सोपं, लिहिलेलं बदलणं अवघड.

नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाविलंबशुल्क घालता येतं. त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. शहरात महापालिकेच्या झोन कार्यालयात जावं लागतं; नागपुरात असे दहा झोन आहेत आणि जन्म ज्या झोनच्या हद्दीतल्या दवाखान्यात झाला तिथे नोंद असते, तुमचं घर ज्या झोनमध्ये आहे तिथे असेलच असं नाही. फेरी फुकट जाते ती इथे. ग्रामीण भागात ग्रामपंचायतीत.

सोबत मूळ दाखला, आई-वडिलांची ओळखपत्रं आणि दोघांच्या सहीचा अर्ज न्यावा. दाखला हातात पडला की खिडकीवरून हलण्याआधी मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं वाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच कागद धरला जातो, त्यामुळे इथली चूक पुढे सगळीकडे जाते.

आईचं नावही लागतं का? मग नाव फार लांब होणार.

होय. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं नाव महाराष्ट्राच्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. 'नागार्जुन सुजाता सिद्धार्थ' आणि पुढे आडनाव, असं. ऑनलाइन अर्जांत रकान्याला अक्षरांची मर्यादा असते आणि लांब नाव मध्येच तुटतं. म्हणून नागार्जुन ठेवायचंच असेल तर त्याला आणखी 'राज', 'कुमार', 'आर्य' जोडू नका. एकटं पुरेसं भारदस्त आहे.

दाखल्यावर 'नागाजुर्न' छापून आलं. आता?

लेखनातली चूक असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधक ती दुरुस्त करतो. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्तीची नोंद करून सही-तारीख घालतात. आधी एक गोष्ट तपासा: चूक मूळ नोंदीत आहे की फक्त छापलेल्या प्रतीत? नोंद बरोबर असेल तर नवी प्रत मिळाली की काम झालं. नोंदच चुकली असेल तर दवाखान्याचा कागद किंवा इतर पुरावा जोडून अर्ज.

मुलाचं नाव आधी वेगळं होतं, आता नागार्जुन करायचं आहे.

ही दुरुस्ती नव्हे, नावबदल. त्यासाठी महाराष्ट्र शासन राजपत्रात जाहिरात द्यावी लागते. अर्ज ऑनलाइन करता येतो. अल्पवयीन मुलासाठी पालक करतात. अर्जात जुनं नाव, नवं नाव, कारण आणि पुरावे लागतात. राजपत्रात जे छापलं जाईल तेच पुढे सर्वत्र चालेल, म्हणून अर्जातला रफार आणि उकार दोनदा तपासा.

शाळेच्या जनरल रजिस्टरमधला बदल वेगळा आहे. तो मुख्याध्यापक स्वतःच्या अखत्यारीत करत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, आणि तो मूल शाळेत शिकत असतानाच करून घ्यावा. दहावीचा फॉर्म विभागीय मंडळाकडे जाण्याच्या आत हे उरकायला हवं. शाळा सुटल्यावर तेच काम कितीतरी पटीने किचकट होतं.

बौद्ध पद्धतीने नामकरण कसं करतात?

ठरावीक दिवसाचं बंधन नाही. बाळ-बाळंतीण बरी असली की सोयीचा दिवस, पुष्कळदा पौर्णिमा किंवा रविवार. भंते किंवा भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य विधी करतात. टेबलावर पांढरं कापड, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती. आधी त्रिशरण-पंचशील, मग बुद्धपूजा आणि वंदना, त्यानंतर आई-वडील बाळाचं नाव जाहीर करतात. पुढे महामंगलसुत्त किंवा जयमंगल अष्टगाथा, आणि शेवटी खीर. अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं. बौद्धाचार्यांना नाव आधी लिहून द्यावं, कारण ते नावाचा अर्थ दोन शब्दांत सांगतात. कागदावर वर दिलेला अर्थ लिहिलेला असला म्हणजे 'सापांचा राजा' ऐकावं लागत नाही.

हे नाव फक्त बौद्धांनीच ठेवायचं का?

असं काही नाही. तेलुगू भाषक हिंदू घरांत ते नेहमीचं आहे, जैन परंपरेत आहे, आयुर्वेदाच्या घरांतही शोभून दिसेल. नागपुरात मात्र ऐकणारा सहसा आंबेडकरी घर गृहीत धरतो किंवा तेलुगू. ज्यांना अशा अंदाजाचा जाच वाटतो त्यांनी आधीच विचार करावा. ज्यांना अभिमान वाटतो त्यांच्यासाठी तेच या नावाचं बळ आहे.

रास कोणती?

अवकहडा चक्रात 'ना' हे अनुराधा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं अक्षर, रास वृश्चिक. बघणाऱ्यांसाठी एवढं. ज्या आचार्याने कशालाच ठाम, सुटं स्वरूप मानलं नाही त्याच्या नावासाठी पत्रिका काढणं ही थोडी गंमतच आहे.

शाळेत चिडवतील का?

चिडवतील. नाग, नागोबा, नाग्या, आणि पंचमीला 'दूध पी' हे ठरलेलं. पण चिडवणं कोणत्याच नावाला चुकत नाही. घरी हाक मारायला 'अर्जुन' हा सरळ पर्याय आहे आणि बरेच जण तोच वापरतात. त्यात एक धोका असा की बालवाडीत घरचंच नाव लागतं आणि मग दाखला अर्जुन, आधार नागार्जुन अशी गाडी रुळावरून घसरते. शाळेत पहिल्या दिवसापासून पूर्ण नाव सांगायला शिकवा. घरी 'नागू', 'अज्जू' काहीही म्हणा.

भावंडांसाठी जुळणारी नावं?

मुलगा असेल तर आर्यदेव सर्वात चांगलं, कारण गुरु-शिष्याची जोडी होते. असंग आणि वसुबंधू ही खरोखरच्या भावांची नावं, जुळ्यांना योग्य. राहुल, अश्वघोष, धर्मकीर्ती हीही त्याच परंपरेतली. दिङ्नाग भारी आहे, पण त्यातला ङ लिहून घेताना झोन कार्यालयात जे होईल त्यापुढे 'नागाजुर्न' परवडलं असं वाटेल. मुलीसाठी सुजाता, विशाखा, उत्पला, संघमित्रा. यांतली पहिली दोन कुठल्याही कागदावर न बिघडता येतात.